बारा उड्यांपैकी एक

माझ्या खोलीत भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे. सतरा वर्षांची मुलगी, निळा ड्रेस, पायात स्केट्स, दोन्ही हात गालांवर. फिगर स्केटिंगचं ऑलिंपिक गोल्ड आपण जिंकलंय हे तिला त्याच सेकंदाला कळलंय. मी बारा वर्षांची असताना बाबांनी तो ऑफिसच्या कलर प्रिंटरवर गुपचूप चार कागदांवर काढून आणला आणि आईने मागून टेप लावून जोडला. जोड बरोबर तिच्या गळ्यावरून गेलाय. लहानपणी मला तो कधी दिसलाच नाही. आता रोज सकाळी डोळे उघडले की आधी तोच दिसतो.

त्याच वर्षी ती मुलगी रिटायर झाली. सतराव्या वर्षी! सगळे म्हणाले, काय शहाणी आहे, टॉपवर असताना सोडलं. मीही शाळेत सगळ्यांना तेच सांगत फिरले, जणू काही निर्णय माझाच होता.

आता डायरेक्ट सात वर्षं पुढे. मी एकोणीसची, युनिव्हर्सिटीचं पहिलं वर्ष, राहायला आई-बाबांकडे शारजालाच, अल मजाज भागात, आणि आठवड्यातून तीन दिवस दुबईतल्या एका मॉलच्या आइस रिंकवर असिस्टंट. असिस्टंट म्हणजे लहान मुलांच्या स्केट्सच्या नाड्या बांधायच्या, पडली की उचलायचं, रडली की नाक पुसायचं. त्या सीझनला आमच्याकडे नवीन कोच आली होती. तरुणच होती, चोवीसेक वर्षांची, कायम राखाडी जॅकेटमध्ये, बोलणं मोजकं. आम्ही सगळे तिला नुसतं 'कोच' म्हणायचो. तीन आठवडे मी तिच्या शेजारी काम केलं. तीन आठवडे! मग एका शनिवारी एका छोट्या मुलीला हात कसे उचलायचे ते दाखवताना तिने स्वतःचे हात उचलले, आणि माझ्या हातातली नाडी तशीच राहिली. ते हात मला पाठ होते.

खरं सांगू का, आनंद नाही झाला. भीती वाटली. ज्या मुलीच्या फोटोखाली सात वर्षं झोपले ती मोठी होईल, तिच्या डोळ्यांखाली काळं येईल, असं माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पालकांना हळूहळू कळलं. कोणीतरी फोनवर ती ऑलिंपिकची क्लिप लावून तिच्यासमोर धरायचं, "मॅम, ही तुम्ही ना?" ती बघायची. क्लिपमध्ये ती मुलगी उडी मारायची, तीन गिरक्या, आणि एका पायावर उतरायची. कोच म्हणायची, "हो, ती." कधीच 'मी' नाही. मुलं क्लिपकडे बघायची, मग कोचकडे बघायची, मग परत क्लिपकडे. त्यांना कोण हवं होतं ते स्पष्ट दिसायचं.

आमच्या रिंकवर बर्फाची गाडी चालवणारे चाचा रत्नागिरीकडचे. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्यावर खूश. त्यांची गाडी म्हणजे हत्तीसारखी, हळूहळू फिरत बर्फाचा वरचा थर खरवडते आणि मागे गरम पाण्याची पातळ साय सोडत जाते. दहा मिनिटांत बर्फ काचेसारखा. पण गाडी काढायच्या आधी चाचा एक गोष्ट करायचे. ते बर्फ वाचायचे! कठड्याला टेकून, चष्मा कपाळावर ढकलून. ब्लेडची रेघ कुठे खोल गेली, कुठे तुटली, कुठे कोण आपटलं.

"हय बघ गो पोरी," ते म्हणायचे, "हय ती लाल टोपीवाली घाबरली. रेघ थरथरली ना?"

आणि मग सगळं पुसून टाकायचे.

शारजा-दुबई ट्रॅफिकचं तर काही बोलायलाच नको. ते टाळायला बाबा पावणेपाचला घर सोडायचे. मला साडेपाचला मॉलच्या मागच्या दाराशी उतरवायचे आणि स्वतः जेएलटीतल्या आपल्या ऑफिसखाली जाऊन ते उघडेपर्यंत सीट मागे करून गाडीतच झोपायचे. मुलांचा क्लास सातला. म्हणजे दीड तास मी बंद मॉलमध्ये. शटर खाली, काचेमागे कपडे घातलेले पुतळे, म्युझिक बंद. फक्त खाली कुठेतरी बर्फाच्या मशीनची घरघर, ती पायांतून वर चढते.

एकदा मी रिंककडे येत होते तर लांबूनच आवाज आला. खर्रर्र. मग काहीच नाही. मग धप्प. परत खर्रर्र. काहीच नाही. धप्प. मला कळेना काय ते. जवळ आले तेव्हा दिसलं. अर्धेच दिवे लावलेले, आणि कोच एकटी. खर्रर्र म्हणजे ती उडीसाठी धाव घेते ते. धप्प म्हणजे पडते ते. आणि मधलं काहीच नाही, ती हवेत असतानाचं.

तीच उडी होती. क्लिपमधलीच.

मी वरच्या बाकावर बसले आणि मोजत राहिले. बारा वेळा मारली तिने. एकदा उतरली, अकरा वेळा पडली. पडली की हात झटकायची, एक चक्कर मारायची आणि परत. मग तिने मला पाहिलं. कठड्यापर्यंत आली. श्वास लागलेला, कोपर सोललेलं.

"कधीपासून बसलीयस?" ती माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलायची, मी इथे आपल्या भाषेत लिहितेय.

"सुरुवातीपासून."

"मग मोजल्या असशील."

"बारा."

ती हसली नाही, चिडलीही नाही. "बस," म्हणाली, "पण गप्प बस."

मग मी तिन्ही दिवस बसायला लागले. पावणेसातला चाचा यायचे, बर्फ वाचायचे, एक शब्द न बोलता पुसायचे. सातला मुलं येईपर्यंत ती राखाडी जॅकेट घालून पुन्हा कोच झालेली असायची. मुलांसमोर ती एकदाही उडी मारत नसे.

मी चाचांना विचारलं, "त्यांना परत स्पर्धेत उतरायचंय का हो?"

"मी कशाला इचारू? माझां काम पुसायचां. मी पुसतो म्हणून ती पडाया मोकली हाय. ह्ये खड्डे तसेच ठेवले, तर दुसऱ्या दिवशी बर्फावर पाय ठेवील काय ती?"

तिलाही मी एकदा विचारलंच. मला राहवत नाही, माझा स्वभावच तसा. म्हटलं, कोच, का सोडलंत तुम्ही?

नाडी सोडता सोडता ती म्हणाली, "सगळे म्हणाले, आता यापुढे फक्त खालीच जाता येतं. मी सतरा वर्षांची होते. मला खरं वाटलं." मग दुसऱ्या पायाची नाडी सोडत म्हणाली, "ती कधीच पडत नाही, तुझ्या लक्षात आलंय? सात वर्षं झाली. रोज कुठेतरी कोणीतरी ती क्लिप लावतं आणि ती परत नीट उतरते. मी जिथे जाते तिथे ती माझ्या आधी पोचलेली असते."

त्या रात्री मी फोटो काढून ठेवायचा ठरवला होता. काढला नाही. टेप निघाली तर गळ्यापाशी फाटेल अशी भीती वाटली.

त्याच हिवाळ्यात पुन्हा ऑलिंपिक आलं, आणि आमच्या घरात रोज जेवताना तोच वाद. नवीन चॅम्पियनला सगळे टीव्हीवर विचारत होते, आता थांबणार की खेळणार? बाबांचं मत पक्कं. "जिंकली ना? खलास! पेढे वाटायचे आणि घरी जायचं. पुढच्या वर्षी पडली की हेच लोक नावं ठेवणार. तुझ्या कोचला बघ. अजून नाव आहे तिचं."

"बाबा, नाव आहे पण ती नाहीये ना त्यात!"

"म्हणजे काय? एवढं फिलॉसॉफिकल नको बोलू, भात घे. आणि लांब कशाला जायचं, तुझी आई बघ. खो-खोत स्टेटला जिंकली आणि थांबली. अजून माहेरी सगळे नाव काढतात."

आई पोळी भाजत होती. ती या वादात कधी पडत नसे. म्हणाली, "मी कुठे थांबले? लग्न ठरलं होतं. पुढच्या सीझनला मला कोणी बोलावलंच नाही."

  तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली, "अजून कधीकधी पहाटे जाग येते ना, तर पाय दुमडलेले असतात. मी पाटीत बसलेली असते. आता मागून खो देणारा हात पडेल आणि मी उठेन, म्हणून. पंचवीस वर्षं झाली." आणि मग एकदम, "तूप हवंय का कोणाला?"

मला वाद जिंकायचा होता हो, बाकी काही नाही. बाबांना दाखवायचं होतं की जिंकून थांबलेला माणूस संपलेला नसतो, बघा, ती अजून तीच उडी मारते! दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर बसले आणि फोन मांडीवर, जॅकेटच्या आडून चालू केला. एक व्हिडिओ, दोन, तीन. पडली की डिलीट. पडली की डिलीट. आठव्या वेळेला ती उतरली, आणि काय उतरली! मागचा पाय लांब, हात मोकळे, अर्ध्या अंधारात.  मी तिथेच बसून फॅमिली ग्रुपवर टाकला. 'बाबा बघा!! कोण म्हणतं संपली?'

आमचा फॅमिली ग्रुप म्हणजे एकतीस लोक. पुण्याचे, डोंबिवलीचे, एक मामा कॅनडात. पहिला रिप्लाय मावशीचा, "वा बाळा, किती छान शिकलीस." तिला वाटलं ती मीच आहे. मग सात-आठ हात जोडलेले. मग पुण्याच्या चुलतभावाने विचारलं, "ही तीच ना गं? पोस्ट करू?" मी तेव्हा खाली लाल टोपीवालीच्या नाड्या बांधत होते. फोन बघितला तेव्हा त्याने करूनही टाकलं होतं, तिच्या नावासकट.

दुपारपर्यंत तो कुठेकुठे गेला होता. संध्याकाळी मला अशा भाषांमधल्या कॉमेंट्स दिसत होत्या ज्यांची लिपी मला ओळखता येत नव्हती. 'ती परत आली.' 'कशाला आली, नाव घालवेल.' 'बघा ते हात!' मी भावाला सांगून डिलीट करायला लावला, पण तोवर त्याच्या हातात काहीच नव्हतं. झोपायला गेले तर डोळे मिटले की खर्रर्र, आणि मग धप्प व्हायची वाट बघायची, आणि ते व्हायचंच नाही. माझ्या व्हिडिओत धप्प नव्हतंच ना. ती उतरायची, परत सुरुवात, परत उतरायची.

शनिवारी चाचा दारातच उभे होते. कधी नव्हे ते "काय गो पोरी" नाही म्हणाले.

"चाचा, मी फक्त घरच्यांना..."

"मी पण पुसतो, तू पण पुसलंस," ते म्हणाले. "पण मी समदां पुसतो गो. तू अर्धां पुसलंस."

कोच बाकावर बसली होती, स्केट्स शेजारी, पायात मोजे. मी समोर जाऊन उभी राहिले आणि पाठ करून आणलेलं सगळं सॉरी विसरले.

"एकच काढलास?" तिने विचारलं.

"नाही. पडलेल्या डिलीट केल्या."

"किती होत्या त्या दिवशी? सगळ्या धरून."

"बारा."

"हं." ती मोज्याचा धागा ओढत राहिली. "रात्री आईचा फोन आला. रडत होती, आनंदाने. मग आमच्या स्केटिंग संघटनेचा आला. शरद ऋतूतल्या एका स्पर्धेत जागा देतायत. त्यांनी एक बघितलीय. त्यांना वाटतंय मी अशीच उतरते."

"तुम्ही नाही म्हणा ना! सांगा त्यांना खरं काय ते."

"सांगून काय होणार?" तिने रिंककडे हात केला. बर्फ रिकामा होता. "आता मी रोज सकाळी इथे आले की तो व्हिडिओ बघणारे सगळे तिथे कठड्याला टेकून उभे असणार. मोजत. मग निदान खऱ्या परीक्षकांसमोर तरी पडते."

"माझ्यावर चिडलात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "कळलं की सांगेन."

उन्हाळ्यात ती तिच्या देशात निघून गेली. जाताना सगळ्या मुलांना मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला.

तिची स्पर्धा होती त्या दुपारी बाबांनी हाफ डे घेतला, लॅपटॉप टीव्हीला जोडला. आम्ही तिघं सोफ्यावर, मी मधे. बाबा आदल्या दिवसापर्यंत म्हणत होते, चूक करतेय, मोठी चूक. तिचं नाव पुकारलं आणि ती बर्फाच्या मधोमध येऊन थांबली. ड्रेस निळा नव्हता, काळा होता. पहिली उडी, धप्प. बाबा सोफ्यावरून उठून उभे! "ऊठ! ऊठ गं! यल्ला, ऊठ!" ते टीव्हीला ओरडत होते. ती उठली. मग तीच ती उडी आली. धाव घेतली, मधलं ते काहीच नाही, आणि धप्प. कुशीवर आपटली, हात खाली गेलेला मला दिसला.

मी उशी तोंडावर ओढली. म्युझिक संपेपर्यंत मी खाली केलीच नाही. टाळ्या ऐकल्या, बाबांचा लांब श्वास ऐकला. ती चौदावी आली.

रात्री मी कॉमेंट्स वाचल्या. वाचायच्या नव्हत्या, वाचल्या. 'वाटोळं केलं.' 'गोल्डवर थांबायचं ना.' 'तिला कोणी परत आणलं?' हे शेवटचं मी किती वेळा वाचलं कोण जाणे. प्रत्येक वेळी वाटायचं, खाली माझं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसत होतो आणि तिचा व्हिडिओ कॉल आला. जायच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. हॉटेलची खोली, मनगटाला पट्टी.

"बघितलंस का काल?"

"हो."

"पूर्ण?"

मी म्हटलं, हो.

"मग मला सांग," ती पुढे झुकली. "दुसऱ्यांदा पडले त्यानंतर मी काय केलं? मला आठवतच नाही. पडले ते आठवतंय आणि मग एकदम शेवटचं वाकून नमस्कार करणं. मधलं दीड मिनिट नाहीच माझ्याकडे."

"रेकॉर्डिंग असेल ना..."

"मी आता कुठलाही व्हिडिओ बघणार नाही. मला जो तेव्हा बघत होता त्याच्या तोंडून ऐकायचंय. तू नेहमी मोजतेस. सांग."

 चोरून बारा उड्या बघणारी मी, आणि जेव्हा ती उघडपणे, सगळ्यांसमोर पडली, तेव्हा मी उशीत तोंड खुपसून बसले होते. थाप मारू शकले असते. उठलात, छान केलंत. जिभेवर आलंही होतं.

"मी नाही बघितलं," मी म्हटलं. "मी डोळे झाकले होते. सॉरी. त्या व्हिडिओचं पण. सगळ्याचंच."

ती मागे टेकली. 

"दे इकडे," आई म्हणाली. तिने ओला हात ड्रेसला पुसला आणि फोन घेतला. आईचं इंग्लिश दुकानापुरतं. तिने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि समोर बसली.

"यू फॉल," आई म्हणाली. "धप्प. देन वन सेकंद यू सिट. लाइक धिस." तिने बसून दाखवलं. "देन यू लुक डाऊन. नो क्राय. अँग्री. व्हेरी अँग्री. देन गेट अप."

"कोणत्या पायावर?" कोचने विचारलं.

आईने डोळे मिटून आठवलं. "लेफ्ट. देन राउंड, राउंड, फास्ट. म्युझिक गो अहेड, यू रन बिहाइंड. देन कॅच."

"म्युझिक पकडलं मी?"

"येस! कॅच. देन स्मॉल जंप. व्हेरी स्मॉल. बट क्लीन." आईचे हात हवेत फिरत होते, बांगड्या वाजत होत्या. बाबा ताटावर पाण्याचा ग्लास धरून तसेच थांबले होते. "देन वन लेग, धिस साइड, अँड यू डू..." तिला शब्द मिळेना. तिने खुर्चीत बसल्या बसल्या पाठ मागे झुकवली आणि मान सोडून दिली. पन्नाशीची माझी आई. "धिस. लाँग टाइम. एव्हरीबडी क्वाएट."

"अँड देन?" कोच लहान मुलीसारखं विचारत होती. "अँड देन?"

आईने तिला ते अख्खं दीड मिनिट परत दिलं. पडलेलं, उठलेलं, एक हात डळमळला तोसुद्धा. काही पुसलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि जे मी पाहिलंच नाही ते मला पहिल्यांदा दिसत होतं.

शेवटी आईने विचारलं, "नेक्स्ट वन व्हेन?"

कोचने पट्टीचं मनगट दुसऱ्या हातात धरलं. मला वाटलं आता म्हणेल, नेक्स्ट नाही, संपलं.

"तीन आठवड्यांनी," ती म्हणाली.

"ओके. आय विल सी," आई म्हणाली. एवढंच.

माझ्यावर चिडलीय का ते कोचने त्या दिवशीही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती परत उभी राहिली म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही. ती मोडली असती तर तेही माझंच झालं असतं. अजून पहाटे कधीकधी तो माझा व्हिडिओ डोक्यात सुरू होतो आणि तिला उतरवतो, उतरवतो, थांबतच नाही.

आज ते तीन आठवडे संपले. मी हे इतक्या घाईने टाइप करतेय कारण स्पर्धा दहा मिनिटांत सुरू होतेय. सोफ्यावरच्या सगळ्या उशा आईने उचलून आतल्या खोलीत नेऊन टाकल्यात, मला काही न बोलता. बाबा म्हणतायत की सिग्नल बरोबर येत नाहीये. येतोय. वॉर्म-अपला मुली बर्फावर आल्यात वाटतं, कारण आई बाहेरून ओरडतेय, "अगं ये लवकर! केस कापलेत तिने!"

जाते.